ज्या रविवारी रूपरावानं उपदेश ऐकला

कारंज्याचे ख्रिस्ती लोक आपल्या चर्चला देऊळच म्हणत. त्या देवळात पाळक वासुदेवराव दरसाल कापूस वेचणीच्या दिवसांत एक ठरलेला उपदेश करत. देवाची चाकरी आणि धनाची चाकरी एका माणसाच्या हातून होत नाही, असा त्याचा मतलब. त्यात तो श्रीमंत जवान माणूस यायचा, ज्याला प्रभू सांगतो की सगळं विकून गरिबांना दे आणि माझ्यामागं ये. उपदेश फार चांगला होता. बायका डोळ्यांना पदर लावत, पुरुष माना हलवत, आणि मग दानाची थैली फिरे. हंगामात लोकांच्या खिशात चार पैसे खुळखुळत असत, म्हणून हा उपदेश त्याच दिवसांत ठेवलेला. इतक्या वर्षांत त्यानं कोणाचं काडीचंही नुकसान केलं नव्हतं.

ते झालं त्रेपन्न साली, आणि तेही रूपराव दुपारे याची दाढ दुखत होती म्हणून.

रूपराव म्हणजे देवळाच्या मंडळीतला सगळ्यात वजनदार माणूस. नागपूर-अमरावती हमरस्त्यावर त्याचा ढाबा, दोन ट्रक, आणि ढाब्याच्या मागं पक्कं घर. देवळातली बाकं त्यानं दिलेली, घंटा त्याचीच, नाताळच्या जेवणाचं मटणही त्याचंच. त्यामुळे पहिल्या बाकावरची भिंतीकडची जागा त्याची होती. भिंतीकडची अशासाठी, की उपदेश सुरू झाला की त्याला डोकं टेकायला काहीतरी लागे. सहा दिवस राबावं आणि सातव्या दिवशी विसावा घ्यावा ही देवाचीच आज्ञा, आणि रूपराव ती पहिल्या बाकावर बसून अगदी मनापासून पाळी. त्याची बायको कौशल्याबाई बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसून त्याच्यावर नजर ठेवायची. घोरणं सुरू झालं की ती खोकायची. या बाईला जुनाट खोकला आहे, अशी मंडळीची समजूत होती.

त्या रविवारी ती खोकायच्या तयारीत बसली होती, पण घोरणं काही ऐकू येईना. तिनं मान वळवून पाहिलं. गालाला फडकं बांधलेलं, गाल कवठासारखा सुजलेला, आणि रूपराव टक्क डोळे उघडे ठेवून पाळकसाहेबांच्या तोंडाकडे पाहत होता. अठरा वर्षांत तो उपदेश तो पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकत होता. मला तेव्हाच भीती वाटायला पाहिजे होती, असं कौशल्याबाई पुढं कितीतरी वर्षं सांगायची.

तशी ही दौलत काही आकाशातून पडलेली नव्हती. रूपराव मिशनमध्ये वाढलेला पोरका मुलगा, पुढं साहेबाच्या बंगल्यावर बावर्ची झाला. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्यानं जाताना रूपरावाला पुष्कळ आशीर्वाद दिले आणि स्वयंपाकाची पातेली दिली. आशीर्वादांना गिऱ्हाईक मिळालं नाही. पातेल्यांवर रूपरावानं ढाबा काढला. त्याच्या हातची तुरीची डाळ आणि मटणाचा रस्सा खायला ट्रकवाले दहा मैल उपाशी येत. मसाला वाटायची कौशल्याबाई. पाटा-वरवंट्यावर वाटून वाटून तिच्या तळहाताला घट्टे पडले होते, आणि घर पक्कं झालं, दोन नोकर आले, तरी ते घट्टे काही गेले नव्हते. पुढं लिलावात मिलिटरीची जुनी लॉरी मिळाली, तिच्या कमाईतून नवा ट्रक आला. एकुलती एक मुलगी मीरा नागपूरला रेल्वेतल्या बाबूला दिली. देवानं भरभरून दिलं, असं पाळकसाहेब म्हणत. आणि ज्याला देवानं दिलं त्यानं देवळाला विसरू नये, असंही लगेच म्हणत.

आर्वीच्या डॉक्टरनं सोमवारी दाढ काढली. सूज उतरली. उपदेश मात्र उतरेना. रूपराव गल्ल्यावर बसायचा आणि गिऱ्हाईकाचे पैसे घ्यायचं विसरून रस्त्याकडे पाहत राहायचा. चौथ्या दिवशी पाळकसाहेब दाढेची चौकशी करायला घरी आले. मंडळीत इतरांच्याही दाढा दुखत, पण त्यांच्याकडे जायला पाळकसाहेबांना सवड मिळत नसे. कौशल्याबाईनं चहा आणला तेव्हा रूपराव विचारत होता,

“पाळकसाहेब, त्या जवान मानसाले प्रभू खरंच म्हनला का, का सगळं इकून टाक?”

“हो, म्हणाला.”

“मंग त्यानं इकलं?”

“नाही. तो खिन्न होऊन निघून गेला.”

“अन् मंग?”

“मग काय? गोष्ट तिथंच संपते.”

“त्याची संपली,” रूपराव म्हणाला. “माझी गोष्ट कोठी संपली?”

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. पाळकांच्या सेमिनरीत ते तीन वर्षं शिकले होते, पण ऐकणाऱ्यानं उपदेश खराच मानला तर काय करायचं, हा धडा तिथं नव्हता.

“हे पाहा रूपराव, ते आध्यात्मिक अर्थानं घ्यायचं असतं. संपत्ती असू द्यावी, पण मनानं तिचा त्याग करावा.”

“मनानं ट्रक कसा इकते, साहेब?”

पाळकसाहेब म्हणाले, आपण यावर प्रार्थना करू. केली. लांबलचक केली. प्रार्थना संपली तेव्हा चहा गार झाला होता, आणि रूपरावाचा चेहरा मात्र होता तसाच होता.

त्या दिवशी जेवताना त्यानं कौशल्याबाईला सांगितलं, की मी सगळं इकून टाकतो. ती आधी हसली. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं.

“डाक्टरनं तुमची दाढ काढली का डोस्कं?” ती म्हणाली.

“मले देवाच्या कामाले लागायचं आहे.”

“लागा ना. कोनं अडवलं? ट्रकवाल्याले देवाचं काम करता येत नाई, असं कोठी लिहिलं आहे?”

“मले नाई येत. मी करून पायलं. हात जोडतो अन् डोळ्यापुढं टायर येते.”

कौशल्याबाईनं पोळी तव्यावरून काढून खाली ठेवली. “देव तुमाशी बोलला असंन. माझ्याशी नाई बोलला. त्याच देवळात मी बसली होती. तोच उपदेश मी ऐकला. दरसाल ऐकला, जागी राहून ऐकला. मले तर काई झालं नाई.”

“तू दरसाल जागी होती, म्हनून तुले सवय झाली,” रूपराव म्हणाला.

हे तिला जास्त झोंबलं. “मसाला मी वाटला,” ती एवढंच म्हणाली.  पण विकावं का, असं त्यानं तिला तरीही विचारलं नाही. माणूस देवाचं ऐकायला लागला की बायकोचं ऐकायला त्याला सवड उरत नाही, असं तिचं त्या दिवसापासूनचं मत.

बातमी मंडळीत पसरली आणि पंच घरी जमले. पंचांमध्ये मुख्य महादेवराव. ते तहसील कचेरीत मोठे बाबू होते, आणि स्वर्गाच्या राज्यातही कागदपत्रं आपल्याच टेबलावरून जातील असा त्यांचा बोलण्याचा थाट असे. ते म्हणाले, “रूपराव, भावना चांगली आहे. पण भावनेला व्यवस्था पाहिजे. ट्रक आणि ढाबा मंडळीच्या नावे करून द्या. चालवा तुम्हीच. देवाचंही काम होईल, ट्रकही बंद पडणार नाहीत.”

“मंग मंडळी श्रीमंत होईन,” रूपराव म्हणाला. “तिनं कोनाले इकावं? तीबी त्या जवानासारखी खिन्न होऊन निघून जाईन.”

महादेवरावांनी घसा साफ केला. मग गरीब म्हणजे नेमके कोण हे ठरवायला एक कमिटी नेमावी, असं त्यांनी सुचवलं. यावर सगळ्यांचं एकमत झालं. प्रत्येकानं लगोलग आपापलं नाव सुचवलं. ते कमिटीत घालायला की गरिबांत, हे कौशल्याबाईला चुलीपासून नीट ऐकू आलं नाही.

रूपरावानं कमिटीची वाट पाहिली नाही. जुना ट्रक ज्यानं वर्षानुवर्षं चालवला, त्या नत्थ्या ड्रायव्हरलाच त्यानं तो देऊन टाकला. नवा ट्रक आणि ढाबा विकला, ढाब्याबरोबर मागचं घरही गेलं. आलेला पैसा जाम गावाच्या पुढं, हमरस्त्यापासून आत, माळावर महारोग्यांचं एक घर होतं, तिथं दिला. कधी काळी एका मेमनं ते काढलं होतं. मेम गेल्यावर तिथं उरले होते फक्त महारोगी, एक म्हातारा कंपाउंडर आणि गळकं छप्पर. पाणी ते लोक नाल्याचं पीत. त्या पैशात विहीर खणली गेली, छप्पर झालं. मंडळीला याचा फार धक्का बसला. घंटेचा दोर कुजलेला असताना रूपरावानं पैसा परक्या गावच्या महारोग्यांच्या विहिरीत घातला, हे कोणालाच पटलं नाही. त्याची अक्कल ठिकाणावर यावी म्हणून पुढच्या रविवारी खास प्रार्थना झाली. तोवर पहिल्या बाकावरची भिंतीकडची जागा महादेवरावांनी घेतलीही होती. पुढच्या कापसाच्या हंगामात पाळकसाहेबांनी, जिथं प्रभू पाण्याचा द्राक्षारस करतो त्या काना गावच्या लग्नावर उपदेश केला म्हणतात. त्यात कोणालाच काही विकावं लागत नाही.

जावई नागपूरहून धावत आला. सह्या झाल्या असं कळल्यावर तो पाणीही न पिता त्याच मोटारीनं परत गेला. त्याआधी त्याला सासऱ्याच्या तब्येतीची भारी काळजी असे. त्यानंतर सासऱ्याची तब्येत एकदम सुधारली असावी, कारण त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. बाजारातले लोक त्यामानानं बरे. काहींनी रूपरावाला वाटेत थांबवून पायाला हात लावला, आणि तिथंच सट्ट्याचा आकडाही विचारला. ज्यानं लक्ष्मी सोडली त्याला लक्ष्मी कुठं जाते हे ठाऊक असतंच, असा त्यांचा हिशेब.

रूपराव जामला त्या महारोग्यांच्या घरी स्वयंपाक करायला निघाला. बाडबिस्तरा म्हणजे एक वळकटी आणि साहेबाची दोन पातेली. कौशल्याबाई ओट्यावर बसली होती.

“चाल,” तो म्हणाला.

“कोठी?”

“जामले.”

“मले देवानं बोलावलं नाई,” ती म्हणाली. “तुमी बोलावत आहे. पन सगळं ठरवून झाल्यावर.”

तो वळकटी उचलून प्रवासी मोटारीत जाऊन बसला. ती अल्लीपूरला भावाकडे गेली.

भाऊ अल्लीपूरच्या शाळेत मास्तर होता. पहिल्या महिन्यात बहिणीला तिथं काय मान. तिच्या पोळीवर तूप असायचं, भावजय पाय चेपून द्यायची, आणि बोलता बोलता विचारायची, “बाई, तुमी तर हुशार. भाऊजी येडे झाले म्हनून काय झालं, तुमी काईतरी तर बाजूले ठेवलंच असंन.” कौशल्याबाई खरं सांगे, की बाई माझ्याजवळ अंगावरच्या दोन पाटल्या आहेत आणि काही नाही. भावजय हसून मान हलवायची. इतकी हुशार बाई सहजासहजी थोडीच कबूल करणार. दुसऱ्या महिन्यात पोळीवरचं तूप गेलं. पावसाळ्यापर्यंत पोळीही गेली आणि भाकर आली. भाकरीबरोबर भावजय प्रवचनही देई, की नवऱ्यामागं जाणं हा स्त्रीचा धर्म आहे. शास्त्राची बरीच वचनं तिला ठाऊक होती, आणि त्यातली सगळीच कौशल्याबाईला घराबाहेर काढणारी होती.

रविवारी ती तिथल्या छोट्या उपासनेला जायची. सगळे गात, तीही गायची. पण प्रार्थनेच्या वेळी ती देवाशी भांडायची. मनातल्या मनात, मोठ्यांदा नाही. तुला एकच माणूस पाहिजे होता का, म्हणायची. त्या महादेवरावाच्या कानात काऊन नाई बोलला? देव गप्प बसे. त्यालाही बहुतेक महादेवरावांशी बोलायची हिंमत नव्हती.

वर्ष झालं असेल नसेल, एक दिवस दारात ट्रक येऊन थांबला. त्यातून नत्थ्या उतरला. खरं म्हणजे आता त्याला नत्थ्या म्हणायची सोय राहिली नव्हती. डोक्यावर काळी टोपी, बोटात अंगठी, आणि गावोगाव लोक त्यांना नत्थूजी म्हणत. ट्रक हाती आल्यावर महिन्याभरात तो ‘आला’चा ‘आले’ झाला होता. नव्या मालकाला ढाबा झेपला नाही, तेव्हा नत्थूजींनी तोही घेतला होता. एवढी भरभराट, पण एक दुःख होतं.

“बाई, गिऱ्हाईक तुटून राह्यलं,” नत्थूजी म्हणाले. “तीन बावर्ची बदलले. डाळ तशी लागत नाई. लोक म्हनते, रूपरावच्या हातची पायजे. तुमी मालकाले समजावा. अर्धा वाटा देतो. मंग घरबी तुमचंच. अन् सांगतो, मालक देवमानूस आहे. पन बाई, देवमानसाच्या हातची डाळ महारोग्यायनंच काऊन खावी?”

कौशल्याबाईनं भावजयीकडे पाहिलं. भावजय आनंदानं तिचं गाठोडं बांधायला लागली होती.

ती नत्थूजींच्या शेजारी ट्रकमध्ये बसली. समोरच्या काचेवर मारुतीचा फोटो होता, खाली लिंबू-मिरच्या लोंबत होत्या. पूर्वी तिथं तिनं लिहवून घेतलेलं प्रार्थनेचं वाक्य होतं. तिनं काही म्हटलं नाही. ट्रक त्याचा, तर देवही त्याचाच असणार. वाटेत नत्थूजींनी हिंगणघाटपर्यंत तिला समजावून सांगितलं, की पैसा म्हणजे माया आहे, माणूस काही बरोबर घेऊन जात नाही. मधे मधे ते थांबत आणि मालावर आणखी माणसं चढवून त्यांच्याकडून ती माया गोळा करत.

जामच्या चौकात हॉटेलवाल्याला वाट विचारली तर त्यानं ती हातानं न दाखवता हनुवटीनं दाखवली. बोटानं दाखवली तर बोटच झडेल असं त्याला वाटलं असावं. नत्थूजींनी ट्रक माळाच्या काठालाच उभा केला आणि नाकाला रुमाल लावून कुंपणापर्यंत आले. “तुमी आत जा, बाई. मी इथूनच बोलतो. माझा आवाज मोठा आहे.”

छपराखाली मोठ्या चुलाण्यावर डेग चढली होती, आणि रूपराव उघड्या अंगानं ती ढवळत होता. वाळला होता. दाढी वाढली होती. तोंडानं भजन चालू होतं, आणि सूर नेहमीसारखाच बेपत्ता होता. शेजारी एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. तिच्या हाताला बोटं नव्हती. ती तळव्याच्या कडेनं खडे बाजूला सारत होती, आणि तोंडानं रूपरावाला रागावत होती. तिचं नाव रुख्माबाई, मोठ्या शेतकऱ्याघरची. अंगावर चट्टे दिसले तेव्हा मुलांनी दागिने उतरवून घेतले आणि तिला बैलगाडीतून इथं आणून सोडलं. दर दिवाळीला येतो म्हणाले होते. दिवाळ्या बऱ्याच झाल्या.

रुख्माबाईनं कौशल्याबाईला वरून खाली पाहिलं. “तू याची बायको का? घेऊन जाय, माय, याले. चूल पेटवायच्या आधी देवाशी बोलत बसते अन् डाळीत मीठ टाकाले इसरते.”

रूपराव वळला. बायकोला पाहून त्याच्या हातातला झारा तसाच राहिला.  तेवढ्यात कुंपणापासून नत्थूजी ओरडले, “मालक, अर्धा वाटा. घर परत. तुमी फकत गल्ल्यावर बसा अन् डाळीले हात लावा.”

“नाई बापा, नत्थू,” रूपराव म्हणाला.

“काऊन पन?”

रूपराव चुलीतलं लाकूड मागं ओढून उभा राहिला. हे उत्तर तो नत्थूजींना देत होता, पण पाहत होता कौशल्याबाईकडे.

“ढाब्यावर मी हजारो मानसाले जेवू घातलं. एकाचं तोंड मले आठवत नाई. गल्ला आठवते. तेव्हा सकाळी उठलो का डिझेलचा भाव डोक्यात राहे, पोलिसाचा हप्ता राहे. देवाले बसाले जागाच नोती. आता डोकं रिकामं राहते. मंग कधी तो येऊन बसते. रोज नाई येत. पन आला तर जागा आहे.”

नत्थूजींना यातलं फक्त डोकं रिकामं असल्याचं पटलं.

कौशल्याबाई म्हणाली, “देवाले जागा केली. चांगलं केलं. माझी जागा इकताना मले इचारलं?”

रूपरावानं झारा डेगीवर आडवा ठेवला.  रुख्माबाईनं तांदूळ निवडायचं थांबवलं; एवढं चांगलं भांडण त्या माळावर कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

“नाई इचारलं,” तो म्हणाला. “मले वाटलं, देवाची गोष्ट आहे, त्यात काय इचाराचं. ते चुकलं माझं. देव म्हनला होता तुझं इक. मी तुझंबी इकलं.” मग म्हणाला, “आता इचारतो. राहशीन का इथी? नाई म्हनली तरी चालते. मी अल्लीपूरले येऊन भेटत जाईन.”

कौशल्याबाईला एकदम रडू आलं, आणि तिला त्याचा राग आला. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं तिला भाजीत काय करू एवढंसुद्धा कधी विचारलं नव्हतं. तिनं पदरानं डोळे पुसले, कुंपणाकडे गेली आणि नत्थूजींना म्हणाली, “तुमी निघा, भाऊ. मी आठ दिवस राहून पायते.”

नत्थूजी जाताना हळहळले. डाळ गेली ती गेलीच, आता बाईही गेली, म्हणाले.

ते आठ दिवस काही संपले नाहीत. बायको भक्तीमुळे राहिली असं कोणी म्हटलं की कौशल्याबाई चिडायची. भावजयीच्या प्रवचनापेक्षा रुख्माबाईच्या शिव्या बऱ्या, म्हणून राहिली, असं ती सांगे. कोठीचा कारभार तिनं हातात घेतला, कारण रूपरावाच्या हाती तो दिला तर महिन्याचं तेल पंधरवड्यात संपे. पट्ट्या बांधायला ती सहा महिने तयार नव्हती. मग कंपाउंडर तापानं पडला आणि कोणीतरी बांधायलाच हव्या होत्या. पहिल्या दिवशी तिला ओकारी झाली. दुसऱ्या दिवशीही झाली. तिसऱ्या दिवशी रुख्माबाई म्हणाली, “आज ओकली नाई तू. जेवली नाई का?”

एका नाताळच्या सकाळी देवाची उपासना तिथंच अंगणात होती. सगळ्यांनी धुतलेले कपडे घातले होते. रुख्माबाई मात्र कोपऱ्यात तोंड फिरवून बसली. विचारलं तर म्हणाली, सणाच्या दिवशी आमच्या घरच्या बायका बिनदागिन्याच्या कधी बसल्या नाईत.  कौशल्याबाईनं हातातली एक पाटली काढली आणि म्हातारीच्या हातात सरकवली. बोटं नसलेला तो हात इतका लहान झाला होता, की सोन्याची पाटली कुठंही न अडता आत गेली. फक्त उपासना होईपर्यंत दिली होती. नंतर मागायची राहून गेली, असं कौशल्याबाई म्हणे. तिच्यासारख्या बाईला, जिला तेलाचा थेंबन् थेंब लक्षात राही, ती गोष्ट वर्षानुवर्षं कशी आठवली नाही, हे रूपरावानं कधी विचारलं नाही. काही गोष्टी न विचारलेल्या बऱ्या, एवढं तो तोवर शिकला होता.

कारंज्याच्या मंडळीलाही पुढं रूपरावाचा अभिमान वाटायला लागला. आता त्याच्याजवळ देण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि त्याच्या वाटेनं कोणाला जावं लागणार नव्हतं, त्यामुळे अभिमान बाळगायला काही हरकत नव्हती. महादेवराव चार पंच घेऊन कांबळी वाटायला आले. कांबळी त्यांनी कुंपणावर ठेवली. “आमच्या मंडळीचा माणूस,” ते कंपाउंडरला म्हणाले, “आम्हीच घडवला.” देवळात येऊन आपल्या अनुभवाची साक्ष द्या, लोकांना स्फूर्ती मिळेल, असं त्यांनी रूपरावाला आग्रहानं सांगितलं. रूपराव म्हणाला, रविवारी इथी सत्तर मानसाचं जेवन राहते, जमत नाई. महादेवरावांना फारसं वाईट वाटलं नाही. तो खरंच आला असता आणि पुन्हा काही बोलला असता, तर पंचाईतच होती.

एकोणसाठ साली मीरा आली. एकटीच. नवरा जामच्या चौकात मोटारीची वेळ पाहत बसला होता. त्याच्या पायाला लचक भरली होती, आणि ती लचक नेमकी माळाच्या बाजूला जाऊ देत नव्हती. मीरा आईजवळ छपराखाली बसली. बसताना तिनं पदर अंगाभोवती घट्ट गुंडाळून घेतला.

“शेजारणी विचारतात, बाबा काय करतात,” ती हळूच म्हणाली. “मी सांगते, मिशनच्या दवाखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत.”

“सांग ना,” कौशल्याबाई म्हणाली. “खोटं कोठी आहे? सत्तर मानसं त्याईच्या हाताखाली जेवते.”

मीराला हसू आलं. मग तिनं विचारलं, “आई, तू खरंच सुखात आहेस?”

“सुखाचं मले नाई सांगता येत. देवाशी माझं अजून भांडन आहे. पन पयले मी एकटीच बोलत राहो. आता वाटते, ऐकते तो. उत्तर देत नाई. तुझ्या बापाचाच देव तो, उत्तर द्याले उशीर लागते.”

जेवणाची वेळ झाली. अंगणात पंगत बसली. रूपरावानं मुलीसाठी वेगळं पान मांडलं नाही. पंगतीच्या टोकाला, रुख्माबाईच्या शेजारी एक जागा मोकळी होती, तिथं थाळी ठेवली आणि तो वाढायला पुढं गेला. मीरा उभीच राहिली. तिनं दूर चौकाच्या दिशेनं एकदा पाहिलं. रुख्माबाई खाली मान घालून बसली होती.  चुलाण्यापाशी उभी राहून कौशल्याबाई फक्त पाहत होती.

मीरानं साडीचा पदर कमरेला खोचला आणि मांडी घालून बसली. तिनं भाकरीचा तुकडा मोडून डाळीत बुडवला आणि तोंडात घातला. रुख्माबाईनं मान वर केली नाही, पण आपल्या थाळीजवळचा कांदा तळव्याच्या कडेनं हळूच मीराकडे सरकवला.

मीरानं तो उचलला आणि खाल्ला. चौकात मोटारीचा भोंगा वाजला. तिनं आणखी थोडी डाळ मागितली.